बंकटचा डावा पाय

बंकट उभा कसा राहतो ते आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काहीच ध्यानात यायचं नाही.

उजवा पाय जमिनीवर घट्ट. डावं पाऊल उचलून उजव्या गुडघ्याशी टेकवलेलं. पुढ्यात काठी, काठीच्या टोकावर दोन्ही हात आणि हातांवर हनुवटी. समोर मेंढरं चरताहेत आणि हा गडी घटकाघटका तसाच. धनगराचं पोर चालायला लागलं की पाठोपाठ हे उभं राहणंही शिकतं, कुणी शिकवावं लागत नाही. बंकटचा बाप असाच उभा राहायचा. माजलगावच्या रस्त्यानं जाणाऱ्या एस्टीतली नवखी माणसं खिडकीतून बघतात आणि म्हणतात, काय ही तपश्चर्या! कसली तपश्चर्या घेऊन बसलात? ती त्याची खुर्ची आहे. तुम्ही-आम्ही टेकतो, तसा तो उभा राहतो.

तर असा हा बंकट. दिंद्रुडच्या शिवारात वस्ती, थोडी कोरडवाहू जमीन आणि बापापासून चालत आलेली मेंढरं. पाऊस सरला, दसरा झाला की मेंढरं घेऊन कालव्याच्या भागात उतरायचं, तुटलेल्या उसाच्या रानांत खतासाठी ती बसवायची, उन्हाळा संपता संपता परत यायचं. साठीला आला तरी यात कधी खंड पडला नव्हता. मेंढरामागं चालणं बंद झालं तर आपण काय करणार, हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता.

मग गेल्या वर्षी भादव्यात तो पडला. नुकतं जन्मलेलं कोकरू खांद्यावर घेऊन चारी ओलांडत होता. चारी म्हणजे काय, कालव्याचं पाणी रानात नेणारी अरुंद नाली. तिच्यावरून जन्मभर उड्या मारलेल्या. त्या दिवशी काळ्या चिखलात डावा पाय रुतला, अंग पुढं गेलं आणि मांडीचं हाड मोडलं. कोकराला ओरखडासुद्धा आला नाही. पडता पडता त्यानं ते दोन्ही हातांनी वर धरलं होतं.

बीडला नेलं, मांडीत सळई घातली, हिवाळा खाटेवर गेला. उन्हाळ्यात डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं की हाड झकास जुळलंय, आता पायात ताकद आणणं तुमच्या हातात. बंकट घरी आला आणि बघतो तर डावी मांडी सुकून गेलेली. चालताना अंग एका बाजूला झुकायचं. पायरी उतरायची म्हटली की डावा गुडघा आतल्या बाजूला वळायचा आणि घाम फुटायचा. त्यात भर म्हणून उजवा गुडघाही दुखायला लागला, कारण दोघांचं काम तो एकटा ओढत होता.

आता घरच्यांचं सांगतो. बायको कडूबाई, तोंडाची फटकळ आणि मनाची लोण्यासारखी. दोन मुलं. थोरला सोमेश्वर, अंगापिंडानं बापासारखा, पुण्याकडं कंपनीत लागला आणि तिकडचाच झाला. धाकटा हरिओम. लहानपणी सारखा खोकायचा, काटकुळा, थंडीवाऱ्यात मेंढरांमागं निघाला की बंकट म्हणायचा, "तू ऱ्हाऊ दे, सोमा जाईल." सोमा गेला तेव्हा बंकट म्हणाला, "तू ऱ्हाऊ दे, म्या बघतो." हरिओमचा खोकला कधीच गेला होता. आता तो चांगला बाप्या गडी होता, दुसऱ्याचा टेम्पो चालवत होता, पण बंकटच्या तोंडातलं ते वाक्य काही गेलं नव्हतं.

बाप पडल्यापासून मेंढरं हरिओमच्या गळ्यात आली. सकाळी चारायची, दुपारी आईच्या हवाली करून टेम्पोवर जायचं. आणि खाटेवरून बंकटचं चालूच. तिकडं कावून नेली? कुत्रं कुठं हाय? त्या लंगडीला मागं कावून ठेवलंस? पोरगं मुकाट ऐकायचं. एके दिवशी जेवताना मात्र ते बोललं.

"आबा, दोन डगरींवर पाय ठेवून किती दिवस चालायचं म्या? तुमचं होत न्हाई अन् माझं तुमाला पटत न्हाई. इकून टाकू मेंढरं."

कडूबाईचा हात भाकरीवरच थांबला.

"दसऱ्याला म्या स्वतः बाहेर काढणार हाय मेंढरं," बंकट म्हणाला.

"कशाच्या जोरावर? ओसरीची पायरी उतरताना आईचा खांदा लागतो तुमाला."

"दसऱ्यापत्तुर बघ."

"बघतो. न्हाई जमलं तर व्यापाऱ्याला बोलावतो. मग मधी बोलायचं न्हाई."

ठरलं ते असं ठरलं. हरिओम वाईट नव्हता हो. खरं तेच बोलत होता आणि म्हणूनच बंकटला ते झोंबलं.

गावात बसवराज आप्पांचं किराणा दुकान आहे. मीठ, पेंड, गूळ-काकवी, सगळं तिथलंच. आप्पा आणि बंकट एका शाळेत, एकाच इयत्तेत नापास झालेले, त्यामुळं दोस्ती पक्की. आप्पांची मुलगी शिवांजली शारीरिक शिक्षणाचा कोर्स करून आली आणि नोकरीच्या मागं न लागता तिनं बापाचं दुकानामागचं गोदाम मागून घेतलं. पेंडीची पोती एका भिंतीला सरकवली, दुसऱ्या बाजूला वजनं, डंबेल, लाकडी ठोकळे मांडले. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या गावच्या पोरी सकाळ-संध्याकाळ तिथं घाम गाळतात. कपाळाला भस्म लावून ही शिट्टी वाजवायला लागली की आप्पाच दुकानात दचकतात.

बंकट पेंड न्यायला आला तेव्हा तिनं त्याची चाल बघितली.

"मामा, चारेक महिने माझ्याकडं या. पाय भरून येईल."

"आता या वयात पोरींच्यात उड्या मारू का गं?"

"उड्या न्हाईत मारायच्या. नुसतं एका पायावर उभं ऱ्हायचं. तेवढ्यानं सुरुवात."

बंकट हसायलाच लागला. "पोरी, जल्म गेला माझा एका पायावर." आणि गोदामाच्या मधोमध उभा राहिला की आपल्या नेहमीच्या थाटात. उजवा पाय खाली, डावा वर, काठी, हनुवटी. पोरींनी टाळ्या वाजवल्या. आप्पा गल्ल्यावरून उठून बघायला आले.

"झकास," शिवांजली म्हणाली. "आता काठी इकडं द्या. अन् पाय बदला."

काठी गेली. बंकटनं डावा पाय टेकला, उजवा उचलला आणि तिसऱ्याच क्षणी पेंडीच्या पोत्यांवर जाऊन आदळला. कुणी हसलं नाही, तेच त्याला जास्त लागलं. आप्पा मात्र म्हणाले, "काय बे बंकट, एवढं काय अवघड हाय त्यात?" आणि धोतर सावरून स्वतः उभे राहिले. जन्मभर एकच मांडी घालून गादीवर बसलेला माणूस तो. पाय उचलला न उचलला तोच त्यांनी लेकीचा खांदा धरला, तेव्हा कुठं गोदाम खदखदून हसलं आणि बंकटचाही जीव हलका झाला.

शिवांजलीनं दोघांना समोर बसवून सांगितलं. माणूस दोन पायांवर उठबस करतो तेव्हा दांडगा पाय गुपचूप जास्त भार घेतो, कमजोर पाय नुसता सोबत चालतो आणि आपल्याला वाटतं दोघंही राबतायत. एकेका पायाला एकटं उभं केलं की खरं काय ते उघडं पडतं. म्हणून एक पाय, एक हात, एक बाजू असा व्यायाम. डाव्या पायावर उभं राहायचं, मग डाव्याच्या भरवशावर ठोकळ्यावरून सावकाश खाली उतरायचं, एका हातात वजन धरून अंग वाकडं न करता चालायचं. आणि सुरुवात नेहमी कमजोर बाजूनं.

इथं बंकट अडला. "सुरुवात डाव्यानं? न्हाई जमायचं. आमच्यात कुठलंच काम डाव्या पायानं सुरू करत न्हाईत. नवी नवरी उंबरा ओलांडती ती उजव्यानं, मेंढरं बाहेर काढताना पहिलं पाऊल उजवं."

"मामा, हे काय लग्न हाय का?"

"अपशकून त्यो अपशकूनच."

तिनं जास्त ताणलं नाही. पोरींची भरती तोंडावर आली होती, तिला शंभर व्याप. घरी करा, मधूनमधून दाखवायला या, एवढं सांगून तिनं सोडलं, आणि तिचं चुकलं असेल तर इथंच चुकलं. कारण बंकट घरी काय करत होता ते पुढं कितीतरी दिवस कुणीच बघितलं नाही.

करत मात्र होता, अगदी नेमानं. दिवस कलायला लागला की गोठ्यामागं जाऊन उभा राहायचा. आधी उजव्यावर, मनसोक्त. मग डाव्यावर. आणि काय आश्चर्य, डाव्यावरही जमायला लागलं! पोत्यांवर पडणारा माणूस आता डाव्या पायावर घटकाभर हलत नव्हता. गोदामात गेला की शिवांजली घाईघाईत विचारायची, "मामा, उभं ऱ्हाणं जमायलंय का?" तो छातीवर हात मारून सांगायचा, "तू म्हणशील तवर उभा ऱ्हातो." तिलाही बरं वाटायचं. कडूबाईला तो म्हणाला, "बघ, दसऱ्याला कसा जातो ते." ती म्हणाली, "आधी पायरी उतरा नीट, मग दसऱ्याचं बोला." बायकांना डोळे असतात, एवढंच म्हणतो मी.

पोळा झाला आणि बंकटला दम धरवेना. सकाळी हरिओम मेंढरं घेऊन कालव्याकडं निघाला तसा हाही काठी घेऊन मागं निघाला. सपाटीला ठीक चाललं. कालव्याच्या भरावावर चढलाही, जरा धापा टाकत. मग पलीकडचा उतार आला. उजवं पाऊल खाली टाकलं, म्हणजे आता सगळा देह क्षणभर डाव्याच्या हवाली. आणि डावा गुडघा आत वळून मिटला. बंकट गडगडत खालच्या गवतात.

हाडाला काही झालं नाही, दैव बरं. पण उठता येईना. मेंढरं भोवती गोळा होऊन बघत राहिली. हरिओम धावत आला आणि पाठ वाकवून म्हणाला, "बसा पाठीवर."

"तू ऱ्हाऊ दे, म्या उठतो."

"आबा, बसा म्हणलं ना!"

त्यानं बापाला पाठीवर घेतलं, भराव चढून उतरला आणि वस्तीवर आणून खाटेवर ठेवलं. बंकटला एवढंच जाणवलं की पोराची पाठ चांगली रुंद आहे. हे त्याला आजवर माहीतच नव्हतं.

दुपारी हरिओमनं व्यापाऱ्याला फोन लावला. दसऱ्याच्या आधी या म्हणाला.

संध्याकाळी शिवांजली स्कूटीवरून वस्तीवर आली. तिला बातमी आप्पांकडून कळली होती आणि ती मनातून हादरली होती. "मामा, उभं ऱ्हाणं जमायलं म्हणत होता तुमी. मग गुडघा कावून मिटला? मला करून दाखवा, जसं रोज करता तसं."

बंकट तिला गोठ्यामागं घेऊन गेला. डावा पाय टेकला, उजवा उचलून गुडघ्याशी लावला. शिवांजली बघत राहिली. कडूबाईही पदर तोंडाला लावून बघत राहिली. बंकट अगदी स्थिर. मेंढरांची बेंबें, चुलीचा धूर, आणि थोड्या वेळानं काय, तर बंकटचे डोळे मिटले! गडी उभ्या उभ्या पेंगला की हो. कारण काठी हातात होती. पुढ्यात रोवलेली, दोन्ही हात टोकावर, हनुवटी हातांवर.

शिवांजली आधी हसली. इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. "मामा, ह्यो व्यायाम न्हाई, ही झोप हाय!"

बंकट दचकून जागा झाला. तिनं काठीकडं बोट दाखवलं तेव्हा त्यानं स्वतःच्या हातांकडं असं बघितलं की जणू ते दुसऱ्याचे हात आहेत. खोटं नाही सांगत, काठी कधी हातात आली ते त्याला रोजच कळत नव्हतं. शहाणा माणूस चष्मा घालून चष्मा शोधतो ना, तसलं झालं. धनगराच्या हातातली काठी ही काही धरलेली वस्तू नसते. गोदामात तिनं मागून घेतली म्हणून तिथं ती नव्हती. घरी मागणारं कोण होतं?

"इतके दिवस पाय उभाच न्हाई ऱ्हायला मामा," ती आता हसत नव्हती. "काठी उभी ऱ्हायली. चूक माझीबी हाय, म्या येऊन बघायला पाहिजे होतं."

बंकट खाटेवर बसला. "मग आता ऱ्हाऊ दे. व्यापारी येणारच हाय."

"अजून दिवस हायेत. पण एक ऐकावं लागंल." ती खाली जमिनीवर बसली आणि त्याच्या दोन गुडघ्यांवर हात ठेवून बोलायला लागली. "हा उजवा लई चांगला हाय, मेहनती हाय. पण ह्यानंच डाव्याचा घात केलाय. डावा उचलायला गेला की ह्यो म्हणतो, तू ऱ्हाऊ दे, म्या बघतो. दर पावलाला. म्हणून डावा शिकलाच न्हाई. तो नालायक न्हाई मामा, त्याला कधी कुणी काम दिलंच न्हाई."

बंकटनं वर बघितलं. तिला काहीच ठाऊक नव्हतं, ती फक्त पायाबद्दल बोलत होती. पण कडूबाई दारात उभी होती आणि तिला ठाऊक होतं. त्याला दिसला तो थंडीत टोपडं बांधून दारात उभा असलेला लहानगा हरिओम, हातात त्याच्याच मापाची तोडलेली बाभळीची काठी. ती काठी पुढं सरपणात गेली.

शिवांजली गेल्यावर तो म्हणाला, "अगं, पडायच्या आधी म्या हरिओमला कधी मेंढरं घेऊन एकट्याला पाठवलं का?"

"कवा पाठवलं? अन् आताबी त्यो निघाला की तुमचं तोंड सुरू." मग तिचा आवाज उतरला. "लई डाचतं त्याला. बोलत न्हाई."

बंकट त्या संध्याकाळी जेवला नाही. कडूबाईनं आग्रहही केला नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं काठी गोठ्यात टांगली आणि गोदामाची वाट धरली. पोरी भरतीसाठी पळायच्या, हा एका कोपऱ्यात ठोकळ्यावर. आधी डावा. अपशकुनाचं काय केलं म्हणाल, तर तेही सांगतो. शिवांजलीनं त्याला विचारलं, "मामा, हौदावर मेंढरं पाणी पितात तेव्हा आधी कोण पितं?"

"सोडली तर एडके पितात. दांडगे सगळ्यांना ढकलून पुढं घुसतात. म्हणून त्यांच्या तोंडापुढं काठी आडवी धरायची. आधी लंगडी, म्हातारी, व्यालेली. त्यांचं झालं की मग दांडगे."

"मग उजव्यापुढं काठी आडवी धरा की."

बंकटनं डावं पाऊल आधी ठोकळ्यावर ठेवलं. मग म्हणाला, "हे असं आधी कावून न्हाई सांगितलंस?" आणि पुन्हा डाव्या-उजव्याचा वाद त्यानं काढला नाही. डाव्यानं जेवढं जमेल तेवढंच उजव्यानं करायचं, एकही जास्त नाही, हाही तिचा नेम होता. उजव्याला अजून हौस असायची, त्याला तसाच उपाशी ठेवायचा. बंकटला ते सगळ्यात जड गेलं. जो चालतो त्यालाच चालवायची सवय, ती जाता जाता जाते का?

पहिल्यांदा ठोकळा म्हणजे एक वीट होती. तिच्यावर डाव्या पायानं उभं राहायचं आणि उजवी टाच जमिनीला लागेपर्यंत अंग हळूहळू खाली सोडायचं, धप्पकन नाही. गुडघा थरथरायचा, आत वळायचा, शिवांजली नुसतं "बाहेर" म्हणायची. मग विटेवर वीट चढली. मग उजव्या हातात पेंडीनं भरलेला डबा घेऊन गोदामाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायचं. डबा उजवीकडं ओढतो, कंबरेनं डावीकडून तोलून धरायचं. शेजारी आप्पा, तेही आता भिंत धरून एका पायावर उभे. "आप्पा, भिंत सोडा," असं बंकट म्हणायचा, आणि आप्पा म्हणायचे, "तू तुझं बघ बे."

मांडी महिन्याभरात पैलवानासारखी फुगत नसते, तसं झालंही नाही. पण एके दिवशी चप्पल घालताना त्यानं भिंतीला हात लावला नाही. कडूबाईनं ते बघितलं आणि चुलीपाशी गेली. तिथं तिनं डोळे पुसले.

घरात दुसरंही काहीतरी बदललं होतं. हरिओम मेंढरं सोडायचा तेव्हा खाटेवरून आवाज येत नव्हता. पहिले काही दिवस पोरगं थांबून मागं बघायचं, आता बोलतील, मग बोलतील. बंकट दातांखाली जीभ धरून बसायचा. डाव्या पायावर उभं राहण्यापेक्षा हे अवघड होतं, मी सांगतो.

दसरा जवळ आला आणि व्यापारी आला. सकाळची वेळ, कालव्याच्या भरावावर त्याची पिकअप उभी. मेंढरं आवाजानं बुजली आणि विस्कटली. काही रस्त्यावर, काही हौदाकडं पळाली. त्यातच खालच्या अंगाला, जिथं बंकट गडगडला होता तिथंच, एक मेंढी व्याली होती. कोकरू ओलं, अजून उभं राहत नव्हतं, आणि वरून दोन कुत्री बघत होती.

बंकटच्या हातात त्या दिवशी काठी होती, जनावरांत जायचं म्हणून घेतलेली. हरिओम रिकाम्या हातानं मेंढरं वळवायला धावला, पण एडके त्याला दाद देईनात. बंकटच्या ओठांवर ते वाक्य आलं, अगदी टोकावर. तू ऱ्हाऊ दे.

त्यानं ते गिळलं. चार पावलं पुढं गेला आणि काठी पोराच्या हातात दिली.

"हे काय?" हरिओम म्हणाला.

"मेंढरं तुझी. म्या कोकरू आणतो."

"आबा, उतार हाय तिथं. काठी घ्या तुमी."

पण बंकट वळला होता. भरावाच्या कडेला आला. उजवं पाऊल खाली टाकायचं, सगळा देह डाव्याच्या हवाली. टाकलं. गुडघा थरथरला, आत वळायला बघत होता. "बाहेर," बंकट स्वतःशीच म्हणाला, आणि गुडघा बाहेर राहिला. पुन्हा उजवा. पुन्हा डाव्यानं तोललं. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला, पुसायला वेळ नव्हता. खाली पोचला तेव्हा कुत्री मागं सरली होती. त्यानं कोकरू उचलून खांद्यावर घेतलं, मेंढीला पुढं घातलं आणि डावं पाऊल पहिलं टाकून चढायला लागला.

वर येऊन बघतो तर मेंढरं हौदावर गोळा झालेली. हरिओमनं काठी आडवी धरली होती. दांडगे एडके काठीला रेटत होते, हा ढळत नव्हता. आणि हौदाच्या तोंडाशी लंगडी पाणी पीत होती, शेजारी म्हातारी काळी, मग व्यालेल्या. एकीचं झालं की हरिओम तिला गुडघ्यानं अलगद बाजूला करायचा आणि पुढचीला आत घ्यायचा. बंकट कोकरू घेऊन तसाच थबकला. हे त्यानं पोराला कधी शिकवलं नव्हतं. पोरानं ते दारात उभं राहून, बघून बघून शिकून ठेवलं होतं, आणि विचारलं कुणी नाही म्हणून सांगितलं नव्हतं.

बंकटला रडू आलं. साठीचा माणूस कोकराच्या ओल्या अंगात तोंड घालून रडला.

व्यापारी कंटाळून जवळ आला. "मग बंकटराव, काय करायचं? भरायची का गाडीत?"

"मला कावून इचारायलास? मेंढरं ज्याची हायेत त्याला इचार."

हरिओमनं ऐकलं. शेवटची मेंढी प्याली, त्यानं काठी उचलून एडक्यांना वाट दिली आणि मग कुठं मान वळवली. बापाच्या खांद्यावरचं कोकरू बघितलं, बापाचे चिखलानं भरलेले दोन्ही पाय बघितले.

"न्हाई द्यायची," तो व्यापाऱ्याला म्हणाला. "टेम्पोच्या मालकाला सांगतो म्या. दसऱ्याला बाहेर काढणार हाय."

पिकअप धूळ उडवत गेली. हरिओम बापाजवळ आला, जरासा घुटमळला आणि काठी पुढं केली. "घ्या आबा."

बंकटनं हात पुढं केला नाही. कोकरू डाव्या खांद्यावर नीट सारखं केलं.

"नको. शिवांजली ओरडंल मला," तो म्हणाला, आणि मेंढरांच्या मागं चालायला लागला.